आयरिश खेड्यातल्या म्हणी : कोण, कोणाला, कधी ऐकवतं?

पाणंद

आयरिश म्हणींच्या याद्या इंटरनेटवर पोत्यानं सापडतात. चहाच्या मगांवर छापलेल्या असतात, विमानतळावरच्या दुकानांत टॉवेलांवर असतात. त्या वाचून फारसं काही हाती लागत नाही, कारण म्हण कोणी, कोणाला, कशावरून ऐकवली हे त्यात नसतं. म्हणीचा जीव तर तिथंच असतो. म्हणून हा धागा काढतेय.

मी आयर्लंडच्या पश्चिमेला, काउंटी मेयोमध्ये वृद्धांच्या एका निवासी केंद्रात नर्स आहे. इथली आजी-आजोबा मंडळी आसपासच्या खेड्यांतली. गुरं, बटाटे, गवत आणि टर्फ यांत हयात गेलेली. (टर्फ म्हणजे दलदलीच्या जमिनीतून विटांएवढे तुकडे कापून, वाळवून चुलीत जाळायचं इंधन.) बहुतेक जण इंग्रजीच बोलतात. टूरमाकेडी किंवा एरिसकडच्या आयरिशभाषक भागातून आलेले थोडे आहेत, त्यांच्या तोंडून मूळ आयरिश म्हणीही ऐकायला मिळतात.

ही माणसं म्हण वापरतात ती उपदेश करायला नाही. जे तोंडावर बोलणं जड जातं, ते बोलून टाकायला वापरतात. मला पटलेली गोष्ट एवढीच, बाकी सगळी उदाहरणं.

एक आजी वॉकर घेऊन जेवणघराकडे निघतात. हात धरलेला त्यांना खपत नाही, पण सोबत हवी असते. मी शेजारून चालायला लागले की म्हणतात, 'दोघं असली की रस्ता आखडतो.' आयरिशमध्ये ही म्हण तीनच शब्दांची आहे : गिरीन बेर्ट्य बोहर. त्यांनी मदत मागितलेली नसते, मी देऊ केलेली नसते. दोघी नुसत्या चाललेल्या असतो. त्यांचा मान राहतो आणि माझी काळजी मिटते.

मला हवी असलेली एक जागा दुसऱ्या मुलीला मिळाली. त्या दिवशी जो तो एकच वाक्य ऐकवत होता : 'तुझ्या वाट्याचं असेल ते तुला ओलांडून पुढे जायचं नाही.' हे वाक्य इथं उठता-बसता ऐकू येतं. भाड्याचं घर हातचं गेलं, ठरलेलं लग्न मोडलं, मुलाला हवा तो कोर्स मिळाला नाही, सगळ्याला हेच. पुढं लक्षात आलं की हे सांत्वन तर आहेच, शिवाय विषयावर पडदाही आहे. एकदा हे म्हटलं की कोणी खोदून विचारत नाही, का मिळाली नाही, कोण आडवं आलं, वगैरे. ज्या खेड्यात प्रत्येकाला प्रत्येकाचं सगळं माहीत असतं, तिथं न विचारणं ही फार मोठी सोय आहे.

आमच्याकडे कामाला असलेला एक तरुण मुलगा साहेबांच्या नावानं मोठमोठ्यानं बोलत होता. दार उघडं होतं. कोपऱ्यातले एक आजोबा पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, 'स्वतःच्या तोंडानं नाक फोडून घेतलेले पुष्कळ पाहिलेत.' मुलगा गप्प झाला. आजोबांनी त्याला रागावलं नव्हतं, त्याचं नावही घेतलं नव्हतं.

आणि पाऊस. इथं बारीक झिमझिम असली की म्हणतात 'सॉफ्ट डे, थँक गॉड'. पश्चिम किनाऱ्याच्या काही भागांत वर्षाचे सव्वादोनशेच्या आसपास दिवस पावसाचे असतात. पावसाला नावं ठेवत बसलं तर माणसाला दुसरं काही बोलताच यायचं नाही. म्हणून देवाचे आभार मानून मोकळं व्हायचं.

तुमच्यापैकी कोणी आयर्लंडमध्ये असाल, किंवा या विषयावर वाचलं असेल, तर लिहा. नुसत्या याद्या नकोत, कृपया.

गोरजवेळ

वाचनखूण साठवली. आजोबांचा किस्सा फार आवडला. सासूबाई अशाच भिंतीला सांगून सुनेला ऐकवायच्या.

टिपकागद

सुंदर सुरुवात. 'आयरिश म्हण आणि तिचं मराठी जोडपं' असा खेळ इथं सुरू होऊ नये असं मलाही वाटतं. तरी एक जोडी सोडवत नाही, कारण तिच्यात दोन्हीकडचा फरकच जास्त दिसतो.

आपण म्हणतो, दुरून डोंगर साजरे. ते म्हणतात, लांबचे डोंगर हिरवे. त्याचीच दुसरी म्हण आहे, परमुलखातल्या गायींची शिंगं लांब. आपण आपली म्हण बहुधा लग्नाच्या स्थळाबद्दल, नोकरीबद्दल, शेजाऱ्याच्या संसाराबद्दल वापरतो. आयर्लंडच्या खेड्यात मात्र दूरचा डोंगर खरोखरचा होता. घराघरातून पोरं त्या डोंगराकडे निघून जात होती.

1841 च्या जनगणनेत संपूर्ण बेटाची लोकसंख्या 80 लाखांच्या वर होती. 1845 पासून बटाट्यावर करपा पडला, सलग पीक गेलं. दहा लाखांच्या आसपास माणसं भुकेनं आणि तापानं मेली, साधारण तेवढीच देश सोडून गेली. 1851 मध्ये आकडा 65 लाखांवर आलेला होता आणि पुढची कित्येक दशकं तो घसरतच राहिला. मेयो हा सगळ्यात जास्त पोळलेल्या भागांपैकी एक.

मुलगा किंवा मुलगी अमेरिकेला निघाली की आदल्या रात्री घरी शेजारपाजारी जमायचे. खाणं, गाणं, नाच आणि मधूनच रडणं. याला नाव होतं 'अमेरिकन वेक'. वेक म्हणजे मयताच्या उशाशी बसून जागवायची रात्र. जिवंत माणसासाठी मयताची रात्र जागवायची, कारण बहुतेक वेळा ते पुन्हा दिसणार नसे. अशा घरात 'लांबचे डोंगर हिरवे' हे वाक्य आईनं मुलाला म्हटलं असेल तर ते शहाणपण नव्हे, ती 'जाऊ नकोस' अशी विनवणी आहे. सरळ म्हणायची सोय नव्हती, कारण त्यानं पाठवलेल्या डॉलरांवरच घरभाडं भागणार होतं. पाणंद यांचा मुद्दा इथं चपखल बसतो.

जुनीवही

लोकसाहित्य हा माझा आवडीचा विषय, त्यामुळे थोडं विस्तारानं लिहितो.

म्हणी गोळा करण्याचं आयर्लंडमधलं सर्वांत मोठं काम शाळकरी पोरांनी केलेलं आहे. 1935 मध्ये सरकारनं लोकसाहित्य आयोग नेमला, शेमस ओ डुइलर्गा त्याचे संचालक. 1937 ते 1939 या काळात आयोगानं प्राथमिक शाळांमधल्या वरच्या वर्गातल्या मुलांना काम दिलं : घरी जा, आजी-आजोबांना, शेजारच्या म्हाताऱ्यांना विचारा आणि निबंधाच्या तासाला ते वहीत उतरवा. विषय ठरवून दिलेले होते. म्हणी, हवामानाचे आडाखे, गावठी औषधं, लोणी घुसळणं, भाकरी-ब्रेड, गावातल्या विहिरी, भुताखेताच्या जागा, दुष्काळाच्या आठवणी. शॉन ओ सुइलव्हान यांनी शिक्षकांसाठी मार्गदर्शक पुस्तिका केली होती. सुमारे पाच हजार शाळा आणि पन्नास हजारांच्या आसपास मुलं. पानं भरली साडेसात लाखांच्या जवळपास. हा सगळा ऐवज डब्लिनच्या विद्यापीठात आहे आणि 'दूखस' नावाच्या संकेतस्थळावर कोणालाही फुकट वाचता येतो. आयोगाच्या संग्रहाची 2017 मध्ये युनेस्कोच्या जागतिक स्मृती नोंदवहीत नोंदही झाली.

या वह्यांमधलं मला सर्वांत भावलेलं म्हणजे हवामानाचं पान. बारा वर्षांच्या पोरानं वळणदार अक्षरात लिहिलेलं असतं : मांजर चुलीकडे पाठ करून बसलं, धुराड्यातून काजळी खाली पडली, पाकोळ्या जमिनीलगत उडू लागल्या, लांबचे डोंगर जवळ आल्यासारखे दिसले की पाऊस ठरलेला. समुद्रपक्षी शेतात उतरले की वादळ. शाळा बदलली, काउंटी बदलली, तरी थोड्याफार फरकानं हेच. घरोघरी पाहिलं जात होतं म्हणूनच ते इतक्या वह्यांमध्ये आलं.

आणि कबऱ्या गाईची गोष्ट. एक म्हातारी कबरी गाय मार्च संपताना ऐटीत म्हणाली, 'मार्चला काही मला मारता आलं नाही.' मार्च चिडला. त्यानं एप्रिलकडून तीन दिवस उसने घेतले, असा गारठा आणि वारा सोडला की गाय मेली, आणि तिचं कातडंही सोलून नेलं. एप्रिलच्या सुरुवातीच्या कडक दिवसांना अजूनही 'कबऱ्या गाईचे दिवस' म्हणतात. हिवाळ्याच्या शेवटी साठवलेला चारा संपत आलेला असतो, नवं गवत अजून वाढलेलं नसतं आणि अशक्त जनावर नेमकं त्याच आठवड्यात दगावतं. गोष्टीत सांगितलेलं आहे ते हे. गोठ्यातला चारा एप्रिलआधी उधळू नका, हे ज्यानं त्यानं आपापलं समजून घ्यायचं.

कोरडवाहू

जुनीवही, कबऱ्या गाईनं पोटात कालवलं. आमच्याकडे तेच दिवस वैशाखात येतात. कडबा संपलेला, पाऊस लांब आणि बैल उठवावा लागतो.

मला म्हणींपेक्षा ज्या कामात म्हणी जन्मतात त्या कामात जास्त रस आहे. आयर्लंडमध्ये इर्जिकीसारखी काही पद्धत होती का? एकाच्या रानात सगळ्या गावानं औतं घेऊन उतरायचं, मजुरी नाही, जेवण मालकाचं. आणि सावड, म्हणजे तुझा एक बैल, माझा एक बैल, आज तुझं रान, उद्या माझं.

जुनीवही

@कोरडवाहू, दोन्ही होतं. इर्जिकीला तिथं 'मेहल' म्हणतात. गवत कापून गंजी लावणं, टर्फ कापणं, मळणी, अशा कामांना शेजारी जमायचे. पैसे कोणी द्यायचं नाही, जेवण भरपूर द्यायचं, आणि कोण कोणाकडे आलं होतं याचा हिशेब वहीत नव्हे, डोक्यात. सावडीचाही जुळा आहे. ज्याच्याकडे एकच घोडा, तो दुसऱ्या एकघोड्या शेतकऱ्याशी जोडी जमवायचा आणि नांगरणी दोघांची व्हायची.

'एकत्र आल्याशिवाय बळ नाही' ही म्हण आज राजकीय पक्ष आणि युनियनवाले फलकांवर लिहितात. तिच्याहून मला दुसरी खोल वाटते : 'माणसं एकमेकांच्या सावलीत जगतात.' तिथल्या वाऱ्यापावसात सावली म्हणजे आडोसा, उन्हापासूनची सुटका नव्हे. अटलांटिकवरून येणारा वारा अडवायला शेजाऱ्याची भिंत लागते.

पाणंद

मेहल अजून पुरता गेलेला नाही. टर्फच्या वेळी तो दिसतो. मला एका सहकारी बाईनं एकदा बॉगवर, म्हणजे टर्फ काढतात त्या दलदलीवर, नेलं होतं. कापलेले टर्फचे तुकडे थोडे सुकले की चार-पाच तुकडे एकमेकांना टेकवून उभे करायचे, मधून वारा खेळला पाहिजे. कमरेतून वाकून तासन्‌तास हेच. तिचे भाऊ, वहिन्या, शेजारचं एक म्हातारं जोडपं, त्यांची नातवंडं, सगळे होते. येणारा प्रत्येक जण आधी 'देवाची कृपा असो कामावर' म्हणायचा आणि मग वाकायचा. न बोलता नुसतं बघत उभं राहणं वाईट समजतात.

लोणी घुसळण्याबद्दल तर आमच्या आजीबाई फार कळवळून सांगतात. घरात घुसळण चालू असताना पाहुणा आला तर त्यानं देवाचं नाव घ्यायचं आणि रवीला दोन हात लावूनच बाहेर पडायचं. नाही लावले तर तो लोण्याची बरकत घेऊन गेला असं समजायचं. मे महिन्याच्या पहिल्या तारखेला तर विस्तव, दूध, मीठ काही म्हणजे काही घराबाहेर द्यायचं नाही. लोणी हे बाईच्या हातातलं रोख उत्पन्न होतं. ते बिघडलं तर तिच्या वर्षाचं गणित बिघडायचं. भीती उगाच नव्हती.

कोरडवाहू

दोन हात लावूनच बाहेर पडायचं, हे झकास. आमच्यात खळ्यावर आलेला माणूस रिकाम्या हातानं पाठवत नाहीत, ते आठवलं.

जनावरांच्या बाजारात काय बोलतात? आमचे हेडी, म्हणजे गुरांचे दलाल, उपरण्याखाली बोटं दाबून भाव करतात. बोलणं वेगळं आणि बोटं वेगळी.

पाणंद

@कोरडवाहू, इथले आजोबा लोक या विषयावर संध्याकाळभर बोलतात. पूर्वी जत्रेत, गावाच्या मुख्य रस्त्यावरच गुरं उभी करायचे. घेणारा किंमत कमी सांगून चालू पडायचा, मध्यस्थ त्याला दंडाला धरून मागं आणायचा. सौदा पटला की तळहातावर थुंकून हातावर हात मारायचा. मग विकणारा मिळालेल्या पैशांतून थोडे घेणाऱ्याला परत द्यायचा, 'लक पेनी' म्हणून. जनावर लाभो, असा त्याचा अर्थ. आजही गुरांच्या लिलावगृहाबाहेर तो देतात-घेतात. न देणाऱ्याचं नाव वर्षानुवर्षं निघतं.

'आरोग्य खिल्लारांपेक्षा बरं' अशी म्हण आहे. संपत्ती म्हणजे गुरांचे कळप, असं ज्यांचं शेकडो वर्षं गणित होतं त्यांची ती म्हण. आमच्या केंद्रात ती सर्वांत जास्त ऐकू येते, हे सांगायला नकोच.

चंद्रकोर

मी डब्लिनमध्ये राहते. सगळे प्रतिसाद मनापासून आवडले, तरी या विषयाची एक बाजू राहतेय आणि ती मला लिहायलाच हवी.

'मिटलेलं तोंड गोड' अशी एक आयरिश म्हण आहे. उत्तर आयर्लंडमध्ये हिंसक संघर्षाच्या काळात इंग्रजीत म्हणायचे, 'काय बोलायचं ते बोला, पण काही बोलू नका.' पाणंद यांनी लिहिलं की म्हणीमुळे अवघड ते बोलता येतं. मला उलटंही दिसतं. म्हणीमुळे अवघड ते गाडून टाकता येतं.

मेयोला लागून गॉलवे काउंटीत ट्यूम नावाचं गाव आहे. तिथं 1925 ते 1961 नन्सनी चालवलेलं एक मातृगृह होतं. लग्नाआधी दिवस गेलेल्या मुलींना घरचे तिथं आणून सोडत. मूल झालं की काही काळानं आई आणि मूल वेगळं. कॅथरीन कॉर्लेस या तिथल्याच स्थानिक इतिहासाच्या अभ्यासक. त्यांनी एकेक करून मृत्यूचे दाखले मिळवले, तेव्हा त्या घरात मेलेल्या 796 मुलांची नावं निघाली आणि त्यांच्या दफनाची नोंद मिळेना. 2014 मध्ये हे जगभर छापून आलं. सरकारी चौकशी झाली, जानेवारी 2021 मध्ये अहवाल आला, पंतप्रधानांनी संसदेत माफी मागितली. जागेचं उत्खनन सुरू व्हायला 2025 साल उजाडलं.

त्या गावात कोणाला काहीच माहीत नव्हतं असं नाही. त्या घरातली पोरं शाळेत यायची, बाकीच्या मुलांपासून वेगळी बसवली जायची. सगळ्यांनी पाहिलं होतं. अशा वेळी 'मिटलेलं तोंड गोड' कोणाच्या फायद्याचं होतं? त्या मुलींच्या तर नक्कीच नाही. म्हणींवर प्रेम करताना हे विसरू नये असं मला तळमळून वाटतं. आपल्या म्हणींतही बाई, विधवा, सून आणि जात यांच्याबद्दल जे आहे ते आपण याद्यांमधून गाळतो, पण घराघरात ते बोललं जात होतंच.

गोरजवेळ

चंद्रकोर, प्रतिसाद वाचून सुन्न झाले. लिहिलंत ते बरं केलंत.

टिपकागद

@चंद्रकोर, मुद्दा मान्य. त्यात भर घालतो, खोडून काढायला नाही.

गप्प राहण्याची ही सवय खेड्याला लागली ती कोणाच्या धाकानं, हेही पाहायला हवं. जमीनदार बहुधा इंग्लंडमध्ये किंवा डब्लिनमध्ये, गावात त्याचा कारभारी. कुळानं सुधारणा केली की खंड वाढणार, तोंड उघडलं की घरातून बाहेर काढणार. खबऱ्या हा आयरिश खेड्यात सगळ्यात तिरस्काराचा शब्द. त्या काळात मिटलेलं तोंड हेच गरिबाचं चिलखत होतं.

आणि ते शस्त्रही झालं, तेही मेयोमध्येच. 1879 मध्ये मायकल डॅविट यांच्या पुढाकारानं कासलबार इथं जमिनीच्या चळवळीची संघटना उभी राहिली. पुढच्या वर्षी लॉर्ड अर्न या जमीनदाराचा कारभारी कॅप्टन चार्ल्स बॉयकॉट याच्याशी गावानं सगळे व्यवहार तोडले. त्याच्या शेतात मजूर जाईना, दुकानदार माल देईना, कोणी त्याच्याशी बोलेना. पीक काढायला उत्तरेकडून पन्नासेक माणसं आणावी लागली आणि त्यांच्या राखणीला शेकडो शिपाई. त्याचं आडनावच पुढं सगळ्या जगात बहिष्काराचं नाव झालं.

चंद्रकोर

@टिपकागद, हे माहीत होतं, तुम्ही छान जोडलंत. माझं म्हणणं त्याच्या पुढचं आहे. जमीनदार गेले, 1922 मध्ये देश स्वतंत्र झाला, तरी चिलखत अंगावरच राहिलं. आता त्याच्या आत कोण गुदमरतंय हे कोणी पाहिलं नाही. कारभाऱ्याला वाळीत टाकणाऱ्या गावानंच पुढं पोटुशी पोर वाळीत टाकली. शस्त्र तेच होतं. बलाढ्यावर उगारलं तेव्हा त्याचा इतिहास झाला, दुबळ्यावर उगारलं तेव्हा त्याची नोंदही राहिली नाही.

पाणंद

चंद्रकोर, तुमचा प्रतिसाद वाचून मी माझ्या मूळ लेखातलं 'न विचारणं ही मोठी सोय' हे वाक्य पुन्हा वाचलं. ते मी जिथं वापरलं तिथं, म्हणजे नोकरी-लग्नाच्या बाबतीत, मला अजून खरं वाटतं. पण ज्यांना कोणीतरी विचारायला हवं होतं, त्यांच्या बाबतीत तुम्ही म्हणता ते बरोबर आहे.

इथल्या आज्यांमध्ये या विषयावर म्हण ऐकू येत नाही. टीव्हीवर ट्यूमची बातमी लागली की काही जणी नावानिशी बोलतात : अमक्याच्या घरची मुलगी, तमक्या वर्षी गेली, परत आली नाही. साध्या, सरळ वाक्यांत. म्हणीच्या आडोशाला न जाता बोलायला त्यांना उभं आयुष्य लागलं.

मयताच्या घरी मात्र ठरलेले शब्द किती उपयोगी पडतात हेही मी पाहिलं आहे. रेडिओवर स्थानिक मृत्यूच्या बातम्या वाचतात, त्या ऐकून माणसं येतात. रांगेनं घरच्या प्रत्येकाचा हात हातात घ्यायचा आणि एकच वाक्य म्हणायचं : 'तुमच्या दुःखाबद्दल वाईट वाटलं.' सगळे तेच म्हणतात. पहिल्यांदा मला ते कोरडं वाटलं. नंतर एका आजोबांच्या मयताला त्यांच्या मुलीसमोर उभी राहिले आणि मला स्वतःचे शब्द सापडेनात, तेव्हा ते वाक्य आधाराला होतं. तिलाही नवं काही ऐकून नवं उत्तर द्यावं लागलं नाही. मग स्वयंपाकघरात चहा, सँडविच आणि मेलेल्या माणसाच्या गोष्टी. त्यात हसणंही असतं.

दर्यावर्दी

सगळे शेतीचंच बोलतायत, म्हणून समुद्राचं थोडं. मी मालवणचा. डोनेगलच्या किलीबेग्ज बंदरात कामानिमित्त काही काळ होतो.

'कितीही मोठी भरती असो, ओहोटी लागल्याशिवाय राहत नाही' असं तिथले मच्छीमार म्हणतात. संकटात धीर द्यायला म्हणतात, आणि कोणी माजला असेल तर त्याच्या पाठीमागेही हेच म्हणतात. जुन्या माणसांत आणखी एक पाळणूक होती : बोटीवर डुकराचं किंवा कोल्ह्याचं नाव काढायचं नाही. बंदरावर जाताना तांबड्या केसांची बाई आडवी आली तर घरी परत. आता तरुण पोरं हे हसण्यावारी नेतात, पण बोटीवर ते शब्द टाळतात, हे मी स्वतः पाहिलेलं आहे.

मालवणात आयर्लंड म्हटलं की लोकांना लिओ वराडकर आठवतात. त्यांच्या वडिलांचं मूळ गाव आमच्या तालुक्यातलं वराड. पंतप्रधान असताना, 2019 च्या शेवटी ते घरच्यांसोबत गावी आले होते.

गोरजवेळ

वराडला आमचंही जाणंयेणं आहे! एक विचारायचं होतं. तीन-तीन गोष्टी एकत्र सांगणाऱ्या आयरिश म्हणी कुठेतरी वाचल्या होत्या. त्या खऱ्या जुन्या का नव्या?

जुनीवही

@गोरजवेळ, खऱ्या आणि फार जुन्या. अशा त्रयींचा एक संग्रह नवव्या शतकातला आहे. कुनो मेयर या जर्मन अभ्यासकानं 1906 मध्ये तो संपादून छापला. त्यातली माझी सर्वांत आवडती मराठीत देतो :

जगाला उत्तम आधार देणाऱ्या तीन बारीक गोष्टी : गाईच्या आचळातून चरवीत पडणारी दुधाची बारीक धार, जमिनीवर उगवलेली हिरव्या धान्याची बारीक पात, आणि कसबी बाईच्या हातावरून जाणारा बारीक धागा.

राजे, लढाया, देवळं काही नाही. दूध, धान्य, सूत. तिन्ही कामं घरातली आणि रानातली, आणि दोन तर मुख्यत्वे बायकांची.

खेड्यात तोंडी चालत राहिलेल्याही आहेत. 'बैलाचं शिंग, घोड्याचं खूर आणि इंग्रजाचं हसू, तिघांपासून जपून.' शाळांच्या वह्यांमध्ये ही वारंवार येते, कधी घोड्याऐवजी कुत्र्याचे दात असा बदल करून.

चंद्रकोर

ती तीन बारीक गोष्टींची त्रयी मी आज लिहून भिंतीला लावतेय. जुनीवही, मनापासून आभार.

भाषेबद्दलही कोणीतरी लिहायला हवं. एकोणिसाव्या शतकात पुष्कळ ठिकाणी मुलाच्या गळ्यात काठी अडकवायचे. घरी किंवा शाळेत आयरिश बोलला की काठीवर एक खाच आणि दिवसअखेर खाचांच्या हिशेबानं मार. यात आईवडीलही सामील असत, कारण अमेरिकेत आयरिश चालणार नव्हती. 2022 च्या जनगणनेत 18 लाखांवर लोकांनी आयरिश येते असं सांगितलं, पण शाळेबाहेर रोज बोलणारे फक्त 72 हजारांच्या आसपास. पाणंदच्या आजोबांच्या इंग्रजीत ज्या म्हणी टिकल्या आहेत, त्यातल्या कित्येक म्हणणाऱ्यांच्या पणजोबांनी आयरिशमध्ये म्हटलेल्या आहेत.

गोरजवेळ

त्या वह्या वाचायच्या असतील तर सुरुवात कुठून करावी? आयरिश येत नाही.

जुनीवही

इंग्रजीत लिहिलेली पानंही भरपूर आहेत. संकेतस्थळावर काउंटी निवडा, मग शाळांची यादी येते. शाळा निवडली की मूळ वहीचं छायाचित्र आणि शेजारी टंकलेला मजकूर. हा मजकूर स्वयंसेवकांनी घरी बसून उतरवलेला आहे आणि त्या उपक्रमाला नाव दिलंय 'मेहल'. सुरुवात मेयोपासूनच करा. पाणंद यांनी सांगितलेलं घुसळणीचं, मे महिन्याच्या पहिल्या तारखेचं सगळं तिथं पोरांच्या अक्षरात सापडेल. खाली बहुतेक वेळा कोणी सांगितलं त्यांचं वय आणि गावही असतं.

पाणंद

जुनीवही, हे मला माहीतच नव्हतं. आमच्या आसपासच्या दोन शाळा तिथं आत्ताच सापडल्या. ती पानं मोठ्या अक्षरांत छापून गुरुवारच्या चहाच्या वेळी वाचून दाखवणार आहे. त्या वह्या लिहिणारी मुलं आज असतील तर शंभरीच्या घरात असतील, पण त्यांची धाकटी भावंडं आमच्याकडे नक्की असतील. वाचून झाल्यावर कोण काय म्हणालं, कोणी कोणाचं चुकलं म्हटलं, ते इथं लिहीन.

@कोरडवाहू, तोवर तुम्ही इर्जिकीबद्दल वेगळा धागा काढा ना. औतावर आणि खळ्यावर काय म्हणायचे, कोण कोणाला म्हणायचं, सगळं हवंय.

कोरडवाहू

काढतो. आमच्या वस्तीवर एक जण आहेत, त्यांना भलरी, म्हणजे शेतात काम करताना म्हणायची गाणी, पाठ आहेत. रविवारी जाऊन बसतो त्यांच्याजवळ.